गप्प बसणारा डीलर आणि तीनदा परत आलेला पेपर



आज प्रयोगशाळेतलं काही सांगत नाही. आज एका जुन्या गाडीपासून सुरुवात करते. त्या गाडीमुळे मी माझ्या विषयाबाहेरचा, अर्थशास्त्रातला एक पेपर वाचला आणि संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो हे मला त्या पेपरच्या इतिहासातून जेवढं कळलं, तेवढं कोर्सवर्कमधून कळलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी एक सेकंड हँड गाडी घेतली. चकचकीत शोरूम, एसी, चहा, बाहेर 'तपासलेल्या गाड्या' असा मोठा बोर्ड. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. किंमत सव्वातीन लाख. तीन महिन्यांत क्लच गेला. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने पेडलचं पार गुळगुळीत झालेलं रबर दाखवलं आणि म्हणाला, "ताई, ही गाडी लाखाच्या आसपास फिरलेली आहे." मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर देऊन जुनी नोंद बघितली. आम्ही गाडी घ्यायच्या आधीच्या शेवटच्या सर्व्हिसिंगला ९६ हजार किलोमीटर लिहिलेले होते.

बाबा शोरूममध्ये गेले. तिथला माणूस अजिबात चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "काका, मीटर ओरिजिनल आहे असं आम्ही कुठे म्हटलं होतं? तुम्ही विचारलंच नाहीत."

बाबा परत आले आणि दोन दिवस कुणाशी फार बोलले नाहीत. फसवणुकीपेक्षा त्यांना ते वाक्य लागलं होतं. मला मात्र त्या वाक्याने एक प्रश्न दिला. विकणारा खोटं बोलला नाही, फक्त गप्प बसला, तर ती फसवणूक धरायची की नाही? हा प्रश्न गाड्यांपेक्षा खूप जुना आहे.

खडा, घोडा आणि १८७२ चा कायदा

१६०३ साली इंग्लंडमध्ये एक खटला झाला. एका सोनाराने १०० पौंडांना एक खडा विकला. हा 'बेझोअर' आहे असं त्याने सांगितलं होतं. बेझोअर म्हणजे काही प्राण्यांच्या पोटात सापडणारा खडा. तो विषावर उतारा आहे अशी तेव्हा समजूत होती. खडा खोटा निघाला. न्यायालय म्हणालं की नुसतं 'हा बेझोअर आहे' म्हणणं पुरेसं नाही. विकणाऱ्याने तशी हमी दिली होती असं दिसलं पाहिजे. ग्राहक हरला. घेणाऱ्याने स्वतः सावध राहावं, या तत्त्वाचं उदाहरण म्हणून हा खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात.

पुढे हाच विचार आपल्याकडे आला. १८७२ चा भारतीय करार कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणं दिली आहेत. ती वाचताना मी उडालेच. पहिलं उदाहरण घोड्याचं आहे. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत होतं, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही! दुसऱ्या उदाहरणात घोडा घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे नात्यामुळे दोष सांगणं हे बापाचं कर्तव्य ठरतं.

तिसरं उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं. घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन.' विकणारा गप्प बसतो. इथे मात्र त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच मानलं जातं.

म्हणजे शोरूममधला तो माणूस, त्याला माहीत असो वा नसो, १८७२ च्या कायद्याची भाषा बोलत होता. 'तुम्ही विचारलंच नाहीत' या वाक्यामागे दीडशे वर्षांचा आधार आहे. इतकंच नाही. कलम १९ असंही सांगतं की गप्प राहून केलेल्या फसवणुकीत, घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन खरं शोधता आलं असतं, तर तो करार रद्द करून मागू शकत नाही. सर्व्हिस सेंटरमधली ती नोंद आम्हाला गाडी घ्यायच्या आधीही बघता आली असती. आम्ही बघितली नव्हती.

घोड्याच्या बाजारात जनावराचं वय दातांवरून ओळखत. म्हणून लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून त्याला तरुण करून दाखवत. मीटर मागे फिरवणं ही त्याच धंद्याची पुढची पायरी.

जुन्या गाडीचा बाजार कुठून आला

अमेरिकेत १९२० च्या दशकात गाडी सामान्य घरात पोचली. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी पुढे लिहिलं की या काळात चार गोष्टींनी धंदा बदलला: हप्त्यावर विक्री, जुनी गाडी देऊन नवी घेणं, बंद टपाची गाडी आणि दरवर्षी नवं मॉडेल. यातली दुसरी गोष्ट आपल्या कामाची. लोक जुनी गाडी डीलरकडे देऊन नवी नेऊ लागले आणि डीलरच्या अंगणात जुन्या गाड्यांचा ढीग साचला. आता एकाच माणसाला जुनी गाडी कमीत कमी भावाने घ्यायची होती आणि तीच दुसऱ्याला जास्तीत जास्त भावाने विकायची होती. गाडीची माहिती मधल्या माणसाच्या हातात आली. १९२६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या केली नावाच्या डीलरने जुन्या गाड्यांच्या भावांचं 'ब्लू बुक' छापायला सुरुवात केली, कारण भाव ठरवायला काहीतरी आधार हवा होता. पण छापील भाव सरासरी गाडीचा असतो. समोर उभी असलेली गाडी सरासरीपेक्षा बरी की वाईट, हे त्या पुस्तकात कुठून येणार?

२६ वर्षांचा प्राध्यापक

आता मुख्य पात्र. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९६६ मध्ये एमआयटीतून पीएच.डी. केली आणि ते बर्कलीला शिकवायला लागले. वय २६. म्हणजे आपल्यातल्या अनेकांचं जे आहे तेच.

त्यांचा मूळ प्रश्न लबाड डीलरचा नव्हताच. त्यांना कळून घ्यायचं होतं की नव्या गाड्यांची विक्री दरवर्षी एवढी वरखाली का होते. तेजी-मंदीच्या अभ्यासातला हा प्रश्न होता. विचार करता करता ते एका साध्या गोष्टीपाशी अडखळले. नवी गाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत विकायला काढली, तर भाव धाडकन का पडतो? गाडी तर तीच आहे.

त्यांचं उत्तर मी माझ्या आकड्यांत सांगते. समजा बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या १० जुन्या गाड्या आहेत. ५ चांगल्या, घेणाऱ्याच्या दृष्टीने ४ लाखांच्या. ५ वाईट, २ लाखांच्या. कोणती कशी हे मालकाला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. घेणारा फार तर सरासरी धरून ३ लाख देईल. पण चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, साडेतीनच्या खाली मी देणार नाही, त्यापेक्षा मीच वापरेन. तो बाजारातून निघून जातो. उरतात ५ वाईट गाड्या. हे घेणाऱ्यालाही कळतं आणि भाव २ लाखांवर येतो. शेवटी ४ लाख द्यायला तयार असलेला माणूस आहे, साडेतीनला विकायला तयार असलेला माणूस आहे, आणि तरीही सौदा होत नाही.

ज्या गाडीतला दोष घेतल्यावर कळतो तिला अमेरिकन बोलीत 'लेमन' म्हणतात. पेपरचं नाव तेच: 'द मार्केट फॉर लेमन्स'. आपल्या 'खटारा' या शब्दात ते येत नाही. खटारा दुरूनच ओळखू येतो, लेमन ओळखू येत नाही.

हे वाचताना मला बाबांचा तोटा थोडा वेगळा दिसला. गप्प बसणारा डीलर एका ग्राहकाला फसवतो हे खरंच, पण तो चांगली गाडी प्रामाणिकपणे विकणाऱ्या माणसालाही बाजारातून हाकलतो. नुकसान त्या व्यवहारात नसलेल्या लोकांचंही होतं.

दिल्लीतलं वर्ष

१९६७ च्या जूनमध्ये ॲकरलॉफ यांनी पेपर 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'ला पाठवला आणि ते भारतात आले. १९६७-६८ हे वर्ष त्यांनी दिल्लीत, भारतीय सांख्यिकी संस्थेत काढलं. पेपरमध्ये या संस्थेचे आभार आहेत आणि आपल्याकडची उदाहरणंही आहेत. एक तांदळाचं: बाजारातून आणलेल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि ते घरातल्या बाईला निवडत बसावं लागतं. दुसरं सावकाराचं: गावचा सावकार चढं व्याज लावतो, पण कोण कर्ज फेडेल हे त्याला माहीत असतं. बाहेरचा माणूस स्वस्त कर्ज द्यायला आला, तर त्याच्या वाट्याला बुडवणारेच येतात.

गंमत म्हणजे त्याच काळात आपल्याकडे गाड्यांचा बाजार बरोबर उलटा चालत होता. ॲम्बॅसडर किंवा कुर्ल्याला बनणारी फियाट घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. वाटप आणि किंमत सरकारी नियंत्रणाखाली. त्यामुळे नवी गाडी हातात पडली की खुल्या बाजारात तिला अधिकृत किमतीपेक्षा जास्त भाव मिळायचा. अमेरिकेत शोरूमबाहेर पडताच भाव उतरायचा, इथे चढायचा. ॲकरलॉफ यांचं गणित यामुळे चुकत नाही, पण ते कोणत्या बाजाराला लागू होतं हे कळतं. इथे टंचाईच इतकी होती की दोषाची भीती तिच्याखाली दबून गेली. कुठलाही सिद्धांत वाचताना, तो कुठल्या परिस्थितीत लागू नाही हे शोधून बघा. माझ्या गाईड मला हे नेहमी सांगतात, पण पटलं ते फियाटमुळे!

तीन नकार

पेपरचं काय झालं? पहिल्या जर्नलने कळवलं की लेख रंजक आहे, पण इतक्या क्षुल्लक विषयावर आम्ही छापत नाही. 'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज'नेही क्षुल्लक म्हणूनच परत केला. 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'चा आक्षेप अगदी दुसऱ्या टोकाचा होता: हे बरोबर असेल तर कुठल्याच मालाचा व्यापार व्हायला नको, आणि अर्थशास्त्रच वेगळं असायला हवं. दोघांना तो फार लहान वाटला, तिसऱ्याला फार मोठा. शेवटी ऑगस्ट १९७० मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'ने छापला. २००१ मध्ये ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

ही गोष्ट 'नकार आला तरी खचू नका' एवढ्यावर सोडू नका. त्यापुढचा भाग जास्त शिकवतो. १९८२ मध्ये एरिक बॉण्ड यांनी हा सिद्धांत प्रत्यक्ष आकड्यांवर तपासला. त्यांनी पिकअप ट्रक घेतले. सेकंड हँड घेतलेल्या ट्रकांना, तेवढ्याच जुन्या आणि तेवढ्याच फिरलेल्या पण मूळ मालकाकडेच असलेल्या ट्रकांपेक्षा जास्त दुरुस्ती लागते का? त्यांना तसा फरक सापडला नाही. १९९३ मध्ये डेव्हिड जेनसोव्ह यांनी डीलरांच्या घाऊक लिलावांचे आकडे बघितले. त्यांना पुरावा सापडला, पण कमकुवत.

मग सिद्धांत खोटा? नाही. ॲकरलॉफ यांच्या पेपरचा शेवटचा भाग नीट वाचला तर तिथेच लिहिलंय की बाजार या रोगावर स्वतःचे उपाय काढतो: हमी, ब्रँडचं नाव, परवाने. बॉण्ड यांना फरक दिसला नाही, याचा एक अर्थ असाही निघतो की त्या बाजारात असे उपाय काम करत होते. विज्ञानात आपण म्हणतो तसं, परिणाम दिसला नाही म्हणजे कारण नव्हतंच असं नाही.

तोंड उघडायला लावणारे कायदे

कायद्यांचा इतिहास या नजरेने बघितला की एक सरळ रेष दिसते. प्रत्येक कायदा विकणाऱ्याला काहीतरी लिहून द्यायला लावतो. १९५८ मध्ये सिनेटर माइक मनरोनी यांच्या कायद्याने अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने ठरवलेली किंमत चिकटवणं सक्तीचं झालं, कारण डीलर मनाला येईल तो आकडा फुगवून मग 'सूट' देत. १९७२ च्या कायद्याने मीटर मागे फिरवणं संघराज्य पातळीवर बेकायदा ठरलं आणि गाडी विकताना किलोमीटर, म्हणजे त्यांचे मैल, लेखी देणं आलं. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला 'लेमन लॉ' केला: नवी गाडी पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही बरी होत नसेल तर बदलून द्या किंवा पैसे परत करा.

पण ही रेष प्रत्येक वेळी पुढेच गेली असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुन्या गाड्यांसाठी नियम केला की डीलरला माहीत असलेले मोठे दोष त्याने काचेवर लिहून लावावेत. डीलरांच्या संघटनांनी जोर लावला आणि १९८२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तो नियम फेटाळला. काँग्रेसला असा नकाराधिकार नाही, असं पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात ठरलं. तरी १९८४ मध्ये जो अंतिम नियम आला त्यातून माहीत असलेले दोष सांगण्याची अट गळाली होती. हमी आहे की 'आहे तशी' विकतोय, एवढं लिहिलं की झालं. घोड्याच्या उदाहरणातला गप्प बसण्याचा हक्क तिथे शिल्लक राहिला.

आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बाजू बदलायला सुरुवात केली. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. २०१९ च्या कायद्यात तर सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत 'संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं' हे शब्दच आले. १८७२ च्या घोड्यापासून इथवर यायला जवळपास दीडशे वर्षं लागली.

तरी कायदा आला म्हणून प्रश्न संपत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये नव्या मॉडेलचे पैसे भरले आणि त्याला मिळाली २००९ ची, सहाशेवर किलोमीटर फिरलेली गाडी. ग्राहक मंचापासून सुरू झालेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की डीलरने केलेल्या या प्रकाराची निर्मात्या कंपनीला माहिती होती असं दाखवता आलं नाही, म्हणून कंपनी जबाबदार नाही. दहा वर्षं, आणि शेवटी पुन्हा तोच मुद्दा: कोणाला काय माहीत होतं?

मग बाबांच्या गाडीचं काय झालं

आम्ही ग्राहक आयोगात गेलो नाही. बिलावर किलोमीटर लिहिलेले नव्हते, व्हॉट्सॲपवर एक शब्द नव्हता, सगळं तोंडी. जायला हवं होतं असं मला अजून वाटतं. बाबा म्हणाले, "तुझं सबमिशन जवळ आलंय, सोड."

तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर माझं एवढंच ऐका. कलम १७ मधलं तिसरं उदाहरण लक्षात ठेवा. टोकन देण्याआधी एक मेसेज पाठवा: 'मीटर मूळ आहे, गाडीला मोठा अपघात झालेला नाही आणि ती पाण्यात बुडालेली नाही, असं धरून मी व्यवहार करतोय. यात काही चूक असेल तर आत्ता कळवा.' आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद स्वतः बघा. मेसेजनंतर तो गप्प राहिला, तरी त्या गप्प बसण्याला कायद्यात अर्थ आहे.

मागच्या महिन्यात ती गाडी आम्ही विकायला काढली. आणि इथे मला खरा धडा मिळाला. आता गाडीबद्दल सगळं माहीत असलेले आम्ही होतो. मीटरवर ५८ हजार. बघायला आलेला मुलगा नुकता नोकरीला लागलेला, सोबत आई. त्यांनी मीटरबद्दल काही विचारलं नाही. माझ्या मनात क्षणभर तेच वाक्य येऊन गेलं: विचारलंच नाही तर?

बाबांनी वहीतला कागद फाडला आणि त्यावर लिहिलं की मीटर चुकीचं आहे, गाडी सव्वा लाखाच्या आसपास चालली असावी, क्लच नवा टाकला आहे. सही केली, तारीख घातली. त्या मुलाने आईकडे बघितलं आणि ते दोघं 'विचार करून सांगतो' म्हणून गेले. परत आले नाहीत. गाडी तीन आठवड्यांनी दुसऱ्याला गेली, आमच्या अपेक्षेपेक्षा ३५ हजार कमी मिळाले.

ॲकरलॉफ यांचं गणित घरातच सिद्ध झालं म्हणायचं. बाबांना मी ते समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, तुझ्या पेपरमध्ये खरं लिहिलंय." आणि त्या कागदाची झेरॉक्स त्यांनी आरसी बुकच्या झेरॉक्सला टाचणी लावून कपाटात ठेवली.